खोक्यातला गूळ

१

बंगलोरला परत गेलेल्या खोक्यात आवाज टिपायचं यंत्र नव्हतं. त्याच्या जागी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तपकिरी आणि चिकट होतं. ते नेमकं काय आहे, हे कंपनीतल्या कुणालाच सांगता येत नव्हतं.

कंपनीनं पाठवलेला फोटो साक्षी कांबळेनं छापून आणला होता. राजारामपुरीतल्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात संयोगिता शिंत्रे यांच्या टेबलावर तिनं तो ठेवला. संयोगिताबाईंनी चष्मा वर सरकवून फोटो जवळ धरला आणि त्यांना हसू फुटलं.

"अगं, गूळ हाय की हा!"

"मला पण तसंच वाटलं. पण मी यंत्र घातलं होतं, मॅडम. माझ्या हातानं." साक्षी हसली नाही. "मला चोर ठरवलंय त्यांनी."

संयोगिताबाईंची उभी नोकरी विमा कंपनीत गेली होती, दाव्यांच्या तपासणीत. जळालेली दुकानं, विहिरीत पडलेल्या मोटारी, कागदावरच मेलेल्या म्हशी, सगळं पाहून झालं होतं. निवृत्तीनंतर त्या या केंद्रात येऊन बसत. खोटं बोलणारा माणूस त्यांना उंबऱ्यातच कळे, असं लोक म्हणत. ही पोरगी खोटं बोलत नव्हती.

"पाणी घे आधी. आणि पहिल्यापासून सांग."

साल दोन हजार आठ. इंटरनेटवरून वस्तू मागवणारी माणसं कोल्हापुरात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. साक्षी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची, म्हणून तिला धाडस झालं. तिचे वडील बाबासो, घरातले दादा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पण कळंब्यापासून इचलकरंजीपर्यंत लोक त्यांना ओळखत ते गाण्यामुळं. भीमजयंतीला त्यांची गाणी नाहीत असं कधी झालं नव्हतं. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. एकही गाणं त्यांनी कधी कागदावर उतरवलं नाही.

मग घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल.

"म्हणून मी ते यंत्र मागवलं. दिवाळीच्या सवलतीत निम्म्या किमतीला होतं. ऑपरेशनच्या आधी दादांची सगळी गाणी भरून ठेवायची होती." साक्षीनं ओठ आवळले. "मिरजेला जायच्या आदल्या रविवारी दादांची गायन पार्टी आली. ढोलकी, पेटी, सगळं जमलं. दादांनी खाकरून घसा साफ केला. मी लाल बटण दाबलं, तर पडद्यावर अक्षरं आली, 'फुल'. परत दाबलं, परत 'फुल'. आत बघितलं तर एकपण रेकॉर्डिंग नाही. संघर्षच्या, माझ्या भावाच्या मोबाइलवर मिनिटभराच्या वर मावत नाही. दादा गायले, आम्ही ऐकलं, आणि संपलं."

"ऑपरेशन?"

"झालं. जीव वाचला. आवाज गेला."

कंपनीचा नियम कडक होता. सवलतीतला माल आवडला नाही म्हणून परत करता येत नव्हता. बिघडलेला असेल तरच, तोही मूळ खोक्यासकट, आणि पाठवायचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. बिघाड आहे की नाही हे कंपनी ठरवणार. तरी साक्षीनं ते परत पाठवलं होतं.

"पैसे गेले तर गेले, मॅडम. ऐनवेळी दगा देणारी ती वस्तू मला घरात नको होती. पण आता कंपनी म्हणते, फसवणुकीची तक्रार करू. आणि त्यांनी कुरिअरवाल्यालाही जाब विचारलाय. तिथं जोतीराम म्हणून मुलगा आहे, त्याला मालकानं घरी बसवलंय."

"का? त्याच्यावरच संशय का?"

साक्षीनं फोटोतल्या गुळावर बोट ठेवलं.

"गगनबावड्याच्या रस्त्याला त्याच्या घरचं गुऱ्हाळ आहे."

२

जोतीराम शाहूपुरीतल्या कुरिअर ऑफिससमोरच्या चहाच्या गाड्यावर भेटला. कामावरून काढलं तरी तो रोज येऊन समोर बसत होता.

"मालकाला दिसाय पायजे की, मी पळून गेलेलो न्हाय," तो म्हणाला. "बाई, चोरायचंच असतं तर मी घरचा गूळ घालीन व्हय? दगूड घातला असता. रस्त्यावर पडल्यात की लई."

संयोगिताबाईंना हे पटलं. त्याहून जास्त, ते त्यांच्या डोक्यात अडकून राहिलं. यंत्र लांबवणारा माणूस खोक्यात वीट घालतो, दगड घालतो, रद्दी कोंबतो. खायची वस्तू, तीही स्वच्छ फडक्यात गुंडाळून, कोण घालेल?

"खोकं तुझ्याकडं आलं तेव्हा काय झालं, आठवतंय?"

"न आठवाय काय झालंय? भांडान झालतं!" जोतीराम पुढं सरकला. "तिचा भाऊ आलता, संघर्ष. मी वजन केलं, तर अर्ध्या किलोच्या वर भरलं. म्हटलं, जादा पैसे पडतील. त्यो मला म्हणतोय, 'काटा बिघडलाय तुझा, आत मुठीएवढं यंत्र हाय, अर्धा किलो भरंलच कसं?' लई वाजलं आमचं. शेवटी मी खिशातला मोबाइल काट्यावर ठेवून दावला. काटा बराबर हुता."

"आणि मग?"

"मग काय, पैसे भरून शिव्या देत गेला."

संयोगिताबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मुठीएवढं यंत्र, पुठ्ठ्याचं खोकं, एक माहितीची घडी. एवढ्याचं वजन अर्धा किलो होणार नाही. म्हणजे काउंटरवर आलं तेव्हाच गूळ आत होता. जोतीरामनं खोकं हातात घेतलं त्याच्या आधीच अदलाबदल झाली होती.

आणि संघर्षही सुटला. आत गूळ आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो वजनावरून हुज्जत घालून चार माणसं गोळा करणार नाही. गुपचूप पैसे भरून निघून जाईल.

"जोतीराम, तुझं काम जात नाही. मी बघते."

"कुणी केलंया ते कळलं व्हय?"

"कुणी केलं नाही, तेवढं कळलंय," संयोगिताबाई म्हणाल्या. बोलताना त्यांना बरं वाटत नव्हतं. संशय घ्यायला त्या घरात आता साक्षीचे आईवडील दोघंच उरले होते, आणि त्यातले वडील अंथरुणावर होते.

३

कांबळ्यांचं घर कळंबा तलावाच्या अलीकडं होतं. दारात जास्वंद, आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली खुंटीला टांगलेली ढोलकी. संयोगिताबाईंनी जाताना घरच्या चिवड्याचा डबा नेला होता. आजाऱ्याच्या घरी मोकळ्या हातानं जायची त्यांना सवय नव्हती.

बाबासो खाटेवर उशीला टेकून बसले होते. गळ्याशी पांढरं फडकं, त्याखाली श्वासाची नळी. त्यांनी हात जोडले आणि मांडीवरच्या पाटीवर लिहिलं, "जय भीम. बसा."

"आई! पाहुण्या आल्यात," साक्षीनं आत हाक मारली. उत्तर नाही. "आई!" तरीही नाही. "दादांच्या ऑपरेशनपासून आईला कमी ऐकू यायला लागलंय," ती हळूच म्हणाली. "दुपारी तर दहा हाका मारल्या तरी कळत नाही. धसका घेतला असेल. कानाच्या डॉक्टरकडं चल म्हटलं, तर येत नाही."

आतून सोनूबाई आल्या. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, हात पिठाचे.

"आवो, पावणं कवा आल्या? बसा की. च्या टाकतो."

हे सगळं त्या स्वतःशी बोलल्यासारख्या हळू आवाजात म्हणाल्या. कमी ऐकू येणारी माणसं सहसा मोठ्यानं बोलतात, हे संयोगिताबाईंच्या लक्षात आलं.

संघर्ष कोपऱ्यात टीव्हीच्या रिमोटवर तळहात आपटत होता.

"यातलं सेल परत कुणी काढलं? मागच्या आठवड्यात नवं घातलंत मी!"

"घातलं नसशील," साक्षी म्हणाली.

"घातलंत गं! ह्या घरात भुतं हायत."

बाबासोंनी पाटीवर लिहिलं, "भूत मीच." आणि आवाज न करता हसले. कुणीच हसलं नाही म्हणून त्यांनी ते पुसून टाकलं.

संयोगिताबाईंनी खोक्याबद्दल विचारलं. साक्षीनं संध्याकाळी यंत्र आत ठेवलं होतं. चिकटपट्टी संपली होती, म्हणून खोकं तसंच झाकून फडताळात ठेवलं. सकाळी संघर्षनं पट्टी आणली, न बघता चारी बाजूंनी गुंडाळली आणि घेऊन गेला.

"रात्रभर ते उघडंच होतं?"

"हो. पण घरात आम्हीच तर होतो." आपण काय बोललो ते साक्षीचं तिलाच कळलं असावं.

निघताना सोनूबाईंनी चिवड्याचा डबा परत आणून दिला. तो जड लागला. झाकण उघडलं तर भाजलेल्या शेंगा, अगदी कडेपर्यंत.

"अहो, हे कशाला?"

"बाई, दुसऱ्याचा डबा रिकामा कसा धाडायचा?" सोनूबाई म्हणाल्या. "आमच्यात न्हाय चालत तसं."

डबा हातात धरून संयोगिताबाई जास्वंदीपाशी उभ्या राहिल्या. त्यांना चोर सापडला होता. पण चोरी कशाची झाली होती, ते अजून कळायचं होतं.

४

दुसऱ्या दिवशी त्या लक्ष्मीपुरीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेल्या. साक्षीकडं होतं तसंच यंत्र मागितलं. दुकानदारानं काढून दिलं.

"याच्या पडद्यावर 'फुल' कधी येतं?"

"भरल्यावर, मॅडम."

"आणि आत काही नसताना 'फुल' आलं तर?"

"तसं होत नाही. बिघडलं तर चालूच होणार नाही. 'फुल' म्हणजे भरलेलंच." दुकानदारानं बाजूचं छोटं बटण दाबलं. पडद्यावरचा ए गेला, बी आला, मग सी, मग डी. "यात चार कप्पे असतात. माणसं ए मध्ये बघतात, रिकामं दिसतं. माल सी मध्ये पडलेला असतो. हे बटण चुकून दाबलं जातं बघा."

"आणि याला सेल कुठले?"

"बारके. टीव्हीच्या रिमोटला असतात तेच."

संयोगिताबाईंनी दुकानातच एका स्टुलावर बसून घेतलं. सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं होतं. यंत्र कधी बिघडलंच नव्हतं. ते गच्च भरलं होतं. साक्षीच्या नकळत कुणीतरी तासन् तास काहीतरी त्यात साठवलं होतं. रिमोटचे सेल त्यासाठी जात होते. दुपारी दहा हाका ऐकू न येणाऱ्या बाईच्या कानात पदराखाली दुसरंच काही वाजत होतं.

बाबासोंनी यंत्र काढून घेतलं असतं, तर त्यांनी ते उशाशी ठेवून खुशाल ऐकलं असतं. पाटीवर "भूत मीच" लिहिणारा माणूस लपवत काही नाही. लपवणारीला लपवायचं काहीतरी कारण होतं, आणि ते कारण काय असेल याचा अंदाज आल्यावर संयोगिताबाईंना त्या घरी परत जावंसंच वाटेना.

पण जोतीराम चहाच्या गाड्यावर बसून होता.

५

दुपारी साक्षी क्लासला होती, संघर्ष कॉलेजला. बाबासोंचा डोळा लागला होता. संयोगिताबाई थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि सोनूबाईंच्या शेजारी पाट ओढून बसल्या. सोनूबाई तांदूळ निवडत होत्या. मान जराशी डावीकडं कललेली.

संयोगिताबाईंनी आवाज चढवला नाही. नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला.

"काय म्हणतायत बाबासो?"

सोनूबाईंचा हात ताटातच थांबला. मग पदर मागं सरला. डाव्या कानात काळी गुंडी होती. तिची वायर पोलक्यात गेली होती.

"मांजराला शिव्या घालाल्यात," त्या म्हणाल्या. "दूध सांडलंतं त्या दिवशी."

मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"साक्षीनं सांगितलंतं, लाल बटण दाबलं की आवाज धरतंय. मी पदरात ठेवून फिरायची. त्येंचं बोलणं धरून ठेवायची. 'सोने, च्या झाला का', 'सोने, माझी टोपी कुठाय', असलं. रोजचंच. गाणी काय, साऱ्या गावाची हुती. गाव ऐकायचं, टाळ्या वाजवायचं. ह्ये एवढं माझं हुतं. मला काय ठावं, त्ये भरतंय म्हणून? मला वाटलं, आवाजाला काय जागा लागतीया!"

"आणि रविवारी 'फुल' आलं."

"व्हय." आवाज एवढा बारीक झाला की संयोगिताबाईंना वाकून ऐकावं लागलं. "पोरगी 'फुल' 'फुल' म्हणत रडाय लागली, तवा ध्यानात आलं. गच्च भरलंय म्हणजे माझ्यानंच भरलंय. एवढी गाणी माझ्यापायी गेली, बाई. कुणाला तोंड दावू? आणि ती म्हणाली, परत धाडतो. त्येंचा आवाज बंगलोरला धाडतीया! मी काढून घेतलं. खोकं रिकामं जाया नको, म्हणून गूळ घातला. तिथल्या माणसास्नी काहीतरी ग्वाड पोचू दे, म्हटलं."

"कुरिअरच्या मुलाचं काय झालं, ते माहीत आहे का तुम्हाला?"

सोनूबाईंनी मान वर केली. त्यांना काहीच माहीत नव्हतं. आईला ताप नको म्हणून साक्षीनं घरात सांगितलंच नव्हतं. संयोगिताबाईंनी सगळं सांगितलं. सोनूबाई ऐकता ऐकता उभ्या राहिल्या, तांदळाचं ताट तसंच राहिलं.

"माझ्यापायी त्येच्या पोटावर पाय?" त्यांनी कानातली गुंडी काढली. "चला. आत्ताच्या आत्ता. पर पोरीला मी सांगनार. तुमी न्हाय सांगायचं."

दारात साक्षी उभी होती. क्लास लवकर सुटला होता. ती कधी आली, किती ऐकलं, दोघींनाही कळलं नव्हतं.

६

साक्षी आत आली, आईच्या हातातलं यंत्र घेतलं, आणि गुंडी स्वतःच्या कानाला लावली.

सोनूबाई भिंतीला टेकून लेकीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. साक्षीचा चेहरा आधी कठीण होता. मग एकदम ती हसली. हसता हसताच खाली बसली.

"आई, दादा मला शिव्या घालतायत यात. 'मास्तरीण झाली पर चपला काय जाग्यावर ठेवत न्हाय'..."

"तुज्याबद्दल लई हाय त्यात."

"मला दिसत होतं तू रडतेस ते. मला वाटलं, दादांसाठी." साक्षीनं आईचे हात धरले. "अगं, एकदा तरी सांगायचंस."

"त्येंची गाणी, साक्षे..."

"गेली. माझ्या हातून पण गेलीत ती. महिनाभर हातात होतं, मी रविवारची वाट बघत बसले."

दोघी तशाच बसून राहिल्या. संयोगिताबाई बाहेर येऊन जास्वंदीची वाळकी पानं काढू लागल्या. त्यांचं इथलं काम संपलं होतं.

त्याच संध्याकाळी तिघी शाहूपुरीला गेल्या. सोनूबाई मालकासमोर उभ्या राहिल्या आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग जोतीरामकडं वळून म्हणाल्या, "लेकरा, चुकलं माझं."

जोतीराम मान खाजवत राहिला.

"मावशी, एक बरं झालं. त्यो गूळ आमच्या गुऱ्हाळाचा न्हवता. आमचा असता तर बंगलोरवाल्यांनी फोटू काढायच्या आधी खाल्ला असता."

मालकही हसला, आणि जोतीराम काउंटरच्या आत गेला.

कंपनीला साक्षीनं फोन केला. यंत्र बिघडलेलं नव्हतं, ते घरातच आहे, पैसे परत नकोत, तक्रार मागं घेते. पलीकडच्या मुलीनं हिंदीत कारण विचारलं. कारण सांगायला साक्षीला बराच वेळ लागला. मग ती मुलगी म्हणाली, मी फाइल बंद करते, आणि तुमच्या आईला नमस्कार सांगा.

पुढच्या रविवारी संयोगिताबाई कळंब्याला जेवायला गेल्या. साक्षीनं सगळं क्लासच्या कॉम्प्युटरवर उतरवून सीडी केल्या होत्या. यंत्र मोकळं झालं होतं. बाबासोंना आतापर्यंत कुणी काही ऐकवलं नव्हतं. कसं ऐकवायचं, हेच कुणाला कळत नव्हतं.

शेवटी संघर्षनं सीडी लावली. खोलीत बाबासोंचा आवाज आला. भरदार, जरा घोगरा, मांजराच्या सात पिढ्या उद्धरणारा. बाबासो खाटेवर ताठ झाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसतायत की रडतायत, हे काही काळ कुणालाच सांगता आलं नसतं. डोळे पुसून त्यांनी पाटी घेतली. "हे कुणी भरलं?"

सोनूबाई पुढं झाल्या. त्यांनी सगळं सांगितलं. रविवारचं 'फुल' कुणामुळं आलं तेही सांगितलं. सांगून झाल्यावर खाली मान घालून उभ्या राहिल्या.

बाबासोंनी पाटी बाजूला ठेवली. साक्षीकडं हात केला आणि यंत्र मागून घेतलं. उलटसुलट करून बघितलं, लाल बटण दाबलं, आणि हात लांब करून ते सोनूबाईंच्या तोंडासमोर धरलं.

"मी?" सोनूबाई दचकल्या. "मला काय येतंय!"

बाबासोंनी ओठांनीच दोन अक्षरं उच्चारली. आवाज नव्हता, पण सगळ्यांना कळलं. सोने.

उभ्या संसारात सोनूबाई कधी चारचौघांत गायल्या नव्हत्या. पण प्रत्येक गाणं आधी त्यांच्या चुलीपाशी झालं होतं. भाकरी थापता थापता त्यांनी प्रत्येक ओळ शंभरदा ऐकली होती. त्यांनी पदर सावरला, भिंतीकडं तोंड केलं आणि कापऱ्या आवाजात सुरू केलं.

"लेक माझी चालली गं शाळंच्या वाटंला,
उजेड आला बाई आमच्या घराला..."

बाबासोंनी हात वर केला. थांब. पाटीवर लिहिलं, "उंबऱ्याला."

"घराला म्हणत हुता तुमी!"

त्यांनी मान हलवली. उंबऱ्याला.

"बरं बाई, उंबऱ्याला," सोनूबाई म्हणाल्या. संघर्ष खुंटीवरची ढोलकी काढायला उठला. यावेळी त्यांनी भिंतीकडं तोंड केलं नाही. नवऱ्याकडं बघत त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, आणि बाबासो खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरत, एकेका शब्दावर ओठ हलवत राहिले.